मंडळावर परिचारिका का नाही?

लिव्हिंग विलविषयी, म्हणजे बरे होण्याची आशा नसेल तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याविषयी, महाराष्ट्रात जी चर्चा चालते, ती इथे इंग्लंडमध्ये बसून मी नेमाने वाचते. तिच्यात डॉक्टर, वकील, नातेवाईक भरपूर बोलतात. रात्रभर रुग्णापाशी असणारी परिचारिका क्वचितच बोलते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आखून दिलेली आणि 2023 मध्ये सुटसुटीत केलेली प्रक्रियाही याला अपवाद नाही. उपचार थांबवावेत की नाही हे तपासणाऱ्या प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन्ही मंडळांवर फक्त डॉक्टर असतात.

खरे तर हा विषय आपल्याकडे ऐरणीवर आला तो हल्ल्यानंतर अखेरपर्यंत अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यामुळे, आणि 1973 पासून 2015 पर्यंत त्यांना सांभाळले ते मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण होऊ न देणे किंवा तिला मासे आवडतात हे केवळ चेहऱ्यावरून ओळखणे, याला आपण 'सेवाभाव' म्हणून हात जोडतो. माझ्या मते ते तितकेच निदानकौशल्यही होते. न्यायालयाने त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरील 2011 च्या निकालात केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच त्यांचे खरे निकटवर्तीय मानले. पुढे नियम झाले, तेव्हा त्या जाणकारीला जागा मिळाली नाही.

मी वृद्धांच्या वॉर्डात काम करते. इथे श्वसन, ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, तापमान आणि शुद्ध यांवरून गुण मांडले जातात. बेरीज 5 झाली की तातडीने डॉक्टरला बोलवायचे, 7 झाली की आपत्कालीन पथकाला. पण बेरीज 1 असली तरी 'मला काळजी वाटते' एवढे कारण डॉक्टरला बोलवायला पुरते. डाव्या कुशीवर वळवताना एखाद्या आजोबांच्या कपाळाला आठी पडते, उजव्या कुशीवर पडत नाही, ही नोंद वेदनाशामकाचा डोस ठरवताना विचारात घेतली जाते.

इथेही सारे आलबेल आहे असे नाही. स्टॅफर्डच्या रुग्णालयातील हेळसांडीवरचा 2013 चा फ्रान्सिस अहवाल वाचला, तर तक्रार करणाऱ्या परिचारिकांची कशी मुस्कटदाबी होत होती ते कळते. शिवाय फॉर्म भरला म्हणजे जबाबदारी संपली, ही वृत्ती दोन्ही देशांत सारखीच.

एकेका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असताना तिने आणखी कागद कधी लिहायचे, हा मायदेशातला आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणून सर्वच रुग्णांसाठी नव्हे, तर ज्यांचे प्रकरण मंडळापुढे जाणार आहे तेवढ्यांसाठी, रुग्णाला सर्वाधिक सांभाळलेल्या परिचारिकेचे एक पानी निवेदन सक्तीचे करावे आणि मंडळाने ते मान्य केले नाही, तर त्याचे कारण लेखी द्यावे.