फिनाइल ओतून साप जात नाही हो!

परड्यात कमळाचा हौद बांधून दोन वर्षं झाली. बेळगावकडच्या खानापूरचा पाऊस, मागं भाताचं शिवार, आणि हौदाभोवती मी हौसेनं रचलेले दगड. पहिल्याच पावसाळ्यात बेडकांची जत्रा भरली. बेडकांमागं साप येणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही.

एका संध्याकाळी बेडकाचा केविलवाणा आवाज आला. बॅटरी मारली तर पानाआड साप, तोंडात बेडकाचा मागचा पाय. अंगावर सोंगट्यांच्या पटासारखी नक्षी, डोळ्याखालून दोन तिरक्या काळ्या रेघा. शेजारच्या काकू ओरडल्या, "नाग हाय वो, फणा काढलाय!" फणा कुठला! दिवड चिडली की मान चपटी करते. आपला इरुळा, कन्नडातला नीरु हावु, म्हणजे पाण्यातला साप. बिनविषारी, पण चावरा.

मग ग्रुपवर उपायांचा पाऊस. डांबरगोळ्या, गंधक, लसणाचं पाणी. मी शहाण्यानं कडेनं फिनाइल ओतलं. रात्रीच्या सरीनं ते हौदात उतरलं आणि सकाळी गप्पी मासे पोट वर करून तरंगत होते. डासांच्या अळ्या खाणारे तेच. दिवड तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

उपयोग झाला तो दगड हलवल्यावर. फटी सिमेंटनं बुजवल्या, कडेचं दोन हात गवत छाटलं, जादा पाण्याच्या पाइपाला पाव इंची लोखंडी जाळी लावली. माशांचं खाणं रात्री बाहेर ठेवणं बंद केलं, कारण त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागं नाग-घोणस. तिथं मात्र चेष्टा नाही. चावला तर मंत्र-बिंत्र न करता, चिरा न देता, थेट सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच लस चालते.

नायलॉनची जाळी तेवढी लावू नका. पलीकडच्या घरी तिच्यात धामण अडकली होती, सर्पमित्रानं अर्धा तास कात्रीनं एकेक धागा कापला. आणि काठी तर नकोच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं साप मारणं गुन्हा आहे.

पाणी ठेवायचं, बेडूक ऐकायचे आणि साप दिसायलाच नको म्हणायचं, हे मला तरी पटत नाही. दिवड अजून अधूनमधून येते. काकू कुंपणावरून विचारतात, "आलता काय वो तुमचा पावणा?"

नवे गप्पी सोडलेत, भरपूर वाढलेत. हवे असतील तर बरणी घेऊन या.