केवडा, भुरी आणि प्रोटिस्टांची भावकी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

'प्रोटिस्टा ही खरी सृष्टीच नाही' या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. (प्रोटिस्टा म्हणजे वनस्पती, प्राणी, कवक यांत न बसणाऱ्या, बहुतेक सूक्ष्म जीवांचा गट. तो एका वंशाचा नाही, हे माझं म्हणणं.) तुमचे आक्षेप तीन. मी प्रोटिस्टांना सरसकट एकपेशीय म्हटलं, ते चूक. व्हिटाकरची पंचसृष्टी, म्हणजे सजीवांची पाच सृष्टींत विभागणी, मुलांना समजते आणि परीक्षेत विचारली जाते, मग ती मोडून गोंधळ कशाला घालायचा, हा दुसरा. तिसरा तुमच्याच शब्दांत: "दर पाच-सात वर्षांनी नावं बदलणं हा शास्त्रज्ञांचा आपसातला कारभार. शेतकऱ्याच्या बांधावर त्याने काय फरक पडतो?"

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. समुद्रातला केल्प हा शैवालाचा प्रकार तीस-चाळीस मीटर वाढतो, त्याला एकपेशीय कोण म्हणेल? लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलं आहे.

तिसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण बांध आमच्या घरचाच आहे. माझ्या भावाने द्राक्षबाग नवीन धरली होती, त्या वर्षीची गोष्ट. गोडी छाटणी झाली, पोंगे फुटून पानं आली आणि अवकाळी पाऊस सलग तीन दिवस बसला. पानांवर तेल सांडल्यासारखे पिवळट डाग दिसायला लागले. दुकानदार म्हणाला, "बुरशी आहे, बुरशीनाशक मारा," आणि हेक्झाकोनॅझोल दिलं. भावाने दोन फवारे घेतले. आठ दिवसांत पानं उलटून पाहिली तर खालून पांढरी लव, आणि फुलोऱ्यातले घड तपकिरी पडून वाळत चाललेले. तो केवडा होता, ज्याला बागायतदार डाऊनी म्हणतात. दिलेलं औषध भुरीचं, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी आणणाऱ्या वेगळ्याच रोगाचं होतं.

आता यात वर्गीकरण कुठे आलं? भुरी ही खरी कवक, म्हणजे खरी बुरशी. कवकांच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉलसारखी स्टेरॉलं असतात आणि हेक्झाकोनॅझोल नेमकी त्यांचीच निर्मिती अडवतं. केवड्याचा जीव, प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला, कवक नाहीच. तो ऊमायसीट. दिसतो बुरशीसारखा, धागे काढतो, बीजाणू उधळतो, पण कवकांच्या पेशीभित्तिकेत कायटिन महत्त्वाचं असतं, तसं याच्यात नाही, सेल्युलोज आहे. अशी स्टेरॉलं तर तो स्वतः बनवतच नाही. जी बनतच नाहीत, त्यांची निर्मिती अडवून काय उपयोग? त्याचे जवळचे नातलग म्हणजे डायटम ही एकपेशीय शैवालं आणि तपकिरी शैवालं, तुम्ही दाखवून दिलेला केल्पसुद्धा त्यांतलाच. म्हणून त्याच्यासाठी मेटॅलॅक्झिलसारखी औषधं वेगळी निघाली.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. हे औषध सापडलं ते या नात्याचा शोध लागला म्हणून नव्हे. त्याच्याही आधी, १८८० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी फ्रान्समध्ये मोरचूद आणि चुना मिसळून केवडा आटोक्यात आणला, तेव्हा हा जीव कोणाच्या भावकीतला याचा पत्ता नव्हता. हे बोर्डो मिश्रण केवडा आणि भुरी दोन्हींवर कमी-जास्त चालतं. पण एक औषध इथे लागू का पडतं आणि तिथे का नाही, हे उमगलं ते नातं कळल्यावर. 'बुरशी' या एका शब्दाखाली दोघांना घातलं की आमच्यासारख्याचा हंगाम जातो. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाटा सडला आणि सुमारे दहा लाख माणसं मेली, तो फायटॉप्थोराही ऊमायसीटच. कोकण-गोव्यातल्या सुपारीचा कोळेरोग त्याच घराण्यातला.

दुसरं उदाहरण हिवतापाचं. प्लाझ्मोडियमच्या पेशीत हरितलवकाचा एक अवशेष आहे, हे १९९० च्या दशकात स्पष्ट झालं. म्हणजे रक्तात राहणाऱ्या या परजीवीचे पूर्वज एके काळी प्रकाशसंश्लेषण करत होते. डॉक्सिसायक्लीन हे जिवाणूंवरचं औषध प्लाझ्मोडियमवर का चालतं याचं उत्तर त्या अवशेषात आहे. 'प्रोटिस्टा' एवढं म्हणून थांबलो असतो तर हे कोडं सुटलं नसतं.

नावं बदलतात, हे खरंच. २००५ मध्ये दृश्यकेंद्रकींचे, म्हणजे पेशीत स्पष्ट केंद्रक असलेल्या जीवांचे, सहा महागट मांडले गेले, २०१२ मध्ये त्यांतला क्रोमॲल्व्हिओलाटा हा महागट मोडला, २०१९ मध्ये एक्सकाव्हाटा हा महागटही एकसंध राहिला नाही. तुम्हाला यात धरसोड दिसते. मला वाटतं, वंशावळीत चुकीच्या जागी लागलेलं नाव पुरावा मिळाल्यावर खोडलंच पाहिजे.

राहिली पंचसृष्टी. ती शिकवू नका असं मी म्हणत नाही. १९६९ सालच्या माहितीवर ती उत्तम मांडणी होती. पण पुस्तकातली एका ओळीतली तीन चित्रं आठवा: अमिबा, पॅरामेशियम, युग्लिना. एका चाळीत राहतात म्हणून सगळे एका आडनावाचे नसतात. जनुकीय पुराव्यानुसार अमिबा पॅरामेशियमपेक्षा आपल्याला जवळचा आहे. युग्लिना निघाली काळा आजाराच्या लेशमानियाच्या गोतातली, आणि तिचं हरितलवक हिरव्या शैवालाकडून आलेलं. वनस्पती नाही, प्राणी नाही, कवक नाही, अशा दृश्यकेंद्रकींना ठेवायची ती जागा, एवढं एक वाक्य वर्गात सांगितलं तर पेपरातलं उत्तर बदलत नाही. मुलं मात्र विचारतील, "मग हे आहेत तरी कोण?" आणि तुमच्यासारखा शिक्षक त्या प्रश्नाला घाबरणारा नाही.

सर, शाळेत मायक्रोस्कोप असेल तर हे करून पाहा. केवड्याचे डाग असलेलं ताजं पान ओल्या कापसासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी पानाच्या पाठीवर लव आलेली असेल. ती ब्रशने हलकेच गार पाण्याच्या थेंबात उतरवा. आधी लिंबाच्या आकाराच्या पिशव्या दिसतील, निवांत पडलेल्या. तास-दीड तास थांबा, थेंब सुकू देऊ नका. मग एकेक पिशवी उघडते आणि आतून चलबीजाणू निसटतात, शेपटीसारख्या दोन-दोन कशाभिका असलेले, आणि चक्क पोहत सुटतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भावाला शेतातून बोलावून घेतलं होतं. तो बराच वेळ डोळा लावून बसला आणि म्हणाला, "ही तर पाण्यातली जात आहे." पावसात, दवात केवडा का पसरतो आणि फवारा पानाच्या खालच्या बाजूलाही का पोचला पाहिजे, हे मला त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

जवळपास कुणाची बाग असेल तर पाहून झाल्यावर ती पानं जाळून टाका, उकिरड्यावर फेकू नका.