पिक आणि पीक

गेल्या गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत मसालेभात घेता घेता माझं आणि एका मित्राचं चांगलंच वाजलं. कारण काय, तर मॉन्ट्रियालच्या हॉकी टीमने नोआ डॉब्सन नावाच्या प्लेयरला घ्यायला पहिल्या राउंडचे दोन पिक दिले ते बरोबर की चूक. मागे उभ्या काकू म्हणाल्या, अरे आधी ताट पुढे सरकवा. तिथे अर्धवट राहिलेलं इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, ही बर्फावरची हॉकी, एनएचएल. आणि इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. दरवर्षी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं राउंडमागून राउंड निवडायची आणि ज्या टीमची सगळ्यात जास्त वाट लागलीय तिला साधारण आधी निवडायला मिळतं (मध्ये लॉटरी असते, म्हणजे शेवटचा आलात तरी पहिला नंबर मिळेलच असं नाही). गंमत म्हणजे हा निवडायचा हक्कच, म्हणजे पिक, विकता येतो, पुढच्या वर्षीचा, त्याच्या पुढच्या वर्षीचासुद्धा. म्हणजे अजून उगवलंच नाही ते विकायचं.

मी कॅनडात आलो 2009 ला. त्याच सप्टेंबरमध्ये आमच्या टोरांटोने, म्हणजे मेपल लीफ्सने, बॉस्टनकडून फिल केसलला घेतलं आणि बदल्यात 2010 आणि 2011 असे दोन वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक आणि वर 2010 चा दुसऱ्या राउंडचा एक. ऑफिसात सगळे खूश, मला काही कळत नव्हतं पण मीही खूश. केसल तेव्हा 21 वर्षांचा होता, गोल मारायचा, वाईट प्लेयर अजिबात नव्हता. पण आमची टीम त्या सीझनला खालून दुसरी आली!! म्हणजे आम्ही दिलेला पिक दोन नंबरचा निघाला, बॉस्टनने टायलर सेगिन घेतला आणि तो पहिल्याच वर्षी 2011 चा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकून मोकळा. पुढच्या वर्षीच्या पिकवर नऊ नंबरला डगी हॅमिल्टन. तिसरा जो आला, जॅरेड नाइट, तो एनएचएलमध्ये एकही मॅच खेळला नाही, तेवढंच आमचं समाधान. आणि केसल 2015 ला आम्ही पिट्सबर्गला दिला, तिथे जाऊन तो लागोपाठ दोन कप जिंकला. आम्ही 1967 पासून वाट बघतोय.

माझे आजोबा बियाण्याची ज्वारी राख लावून वेगळी ठेवायचे, घरात कितीही ओढाताण असली तरी त्या कणगीला कोणी हात लावायचा नाही. ब्रायन बर्कने, म्हणजे आमच्या तेव्हाच्या मॅनेजरने, तीच कणगी फोडली.

ऑटावाचं तर अजून भारी. 2017 मध्ये कॉन्फरन्स फायनलच्या (म्हणजे सेमीफायनलच्या) सातव्या मॅचला डबल ओव्हरटाइममध्ये हरले, त्यांना वाटलं आता थोडंच बाकी आहे, नोव्हेंबरात मॅट डुशेनला घेतलं आणि कोलोराडोला बऱ्याच गोष्टींबरोबर पहिल्या राउंडचा पिक. तो 2018 चा द्यायचा की 2019 चा हे ठरवायची संधी मिळाली, तेव्हा 2018 चा ठेवून त्यांनी ब्रेडी कचुक घेतला, ते शहाणपणाचंच होतं. पण 2019 ला टीम अख्ख्या लीगमध्ये शेवटची! आणि डुशेनला तर फेब्रुवारीतच कोलंबसला पाठवून दिलं होतं. म्हणजे माणूसही गेला आणि पिकही गेला. लॉटरीत घसरून चार नंबरला आलेल्या त्या पिकवर कोलोराडोने बोवेन बायरम घेतला, 2022 ला कप.

आता मॉन्ट्रियाल. लीफ्सवाल्याने त्यांचं कौतुक करायचं म्हणजे घशात घास अडकतो, पण करतो. 2021 ला फायनल खेळले आणि लगेच पुढच्या सीझनला तळाला. गॉर्टन आणि केंट ह्यूज टीम चालवायला आले आणि दुकान मांडलं. टॉफोली कॅल्गरीला, त्यातून पिक आणि एमिल हाइनमन नावाचा पोरगा. शियारो फ्लोरिडाला, त्यातून अजून एक पिक. आणि माझा सगळ्यात आवडता, शॉन मोनाहन. कॅल्गरीला कादरी नावाच्या प्लेयरसाठी पगाराच्या कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेत) जागा हवी होती म्हणून त्यांनी मोनाहन दिला आणि *वर* पहिल्या राउंडचा पिक दिला. आपल्याकडे भंगारवाला आपल्याला पैसे देतो ना, इथे आपणच भंगारवाल्याला पैसे देतोय. बरं तो भंगार नव्हताच, बरा झाला, खेळला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये विनिपेगने त्याच्यासाठी अजून एक पहिल्या राउंडचा पिक दिला!

आणि हे सगळं जमवून त्यांनी विकलं काय ते नीट बघा. न्यूहुकला घेताना पहिल्या राउंडचा पिक गेला तो फ्लोरिडाचा, 31 नंबरचा. कर्बी डाकसाठी गेलेला 13 नंबरचा आयलंडर्स टीमचा, तोही त्याच रात्री रोमानोव्ह देऊन आणलेला. स्वतःचे पहिल्या राउंडचे? 2022 ला एक नंबर, स्लाफकोव्स्की. 2023 ला पाच, राइनबाखर. 2024 ला पाच, डेमिदॉव. एकालाही हात नाही. 2025 ला टीम प्लेऑफमध्ये गेली, स्वतःचा पिक 17 नंबरला घसरला, *तेव्हा* विकला, सोबत कॅल्गरीचा 16 नंबरचा (तोच मोनाहनवाला) आणि हाइनमन, आणि घरी आला डॉब्सन, 25 वर्षांचा डिफेन्समन, आठ वर्षांच्या करारावर.

माझा मित्र म्हणतो दोन पिक म्हणजे दोन पोरं, दहा वर्षं खेळली असती. अरे पण 16-17 नंबरची पोरं किती टिकतात? आणि टिकली तरी तयार व्हायला तीन-चार वर्षं, तोवर सुझुकी आणि कॉफिल्ड हे मॉन्ट्रियालचे आताचे मुख्य प्लेयर तिशीला टेकतील. फॅन लोकांचं होतं काय, प्रॉस्पेक्ट (अजून तयार व्हायचा होतकरू प्लेयर) म्हणजे घरचंच पोरगं वाटायला लागतं, ज्याला आपण कधी खेळताना पाहिलंही नाही त्याच्यासाठी जीव तुटतो.

सगळंच जमलं असं नाही हां. डाकचा गुडघा दुसऱ्या सीझनच्या दुसऱ्याच मॅचला गेला. राइनबाखर घेतला तेव्हा मिचकॉव नावाचा पोरगा शिल्लक होता, फिलाडेल्फियाने सातवर उचलला, त्यावरून त्यांच्याकडे अजून शिव्या चालू असतात. चालायचंच. फरक एवढाच की डाक चुकला तरी कणगी शाबूत होती, केसलच्या वेळी आमची रिकामी होती.

आम्ही काही शिकलो का? मार्च 2025 मध्ये ब्रँडन कार्लोसाठी परत बॉस्टनलाच फ्रेझर मिंटन आणि 2026 चा पहिल्या राउंडचा पिक दिला. या वेळी अट घातली, पहिल्या पाचात आला तर आमच्याकडेच राहणार. म्हणजे कणगीला कुलूप घातलं, पण किल्ली परत त्याच शेजाऱ्याकडे.

तिकडे लेकीने वाढदिवसाला डेमिदॉवची 93 नंबरची जर्सी मागितलीय. टोरांटोशेजारच्या मिसिसागात, माझ्या घरात. बायको म्हणते घेऊन टाक, तुझ्या लोकांनी काय दिवे लावलेत.