‘पुन्हा पाठांतरच का?’ : उदगीरच्या गुरुजींना उत्तर

नमस्कार गुरुजी,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली, म्हणून उत्तर लांबलंय. तुम्ही लिहिलंत, “लातूर पॅटर्नने लेकरांना घोकायला लावलं, आता तुम्ही इंग्रजी क्रियापदांचाही पॅटर्न काढलात. साहेबाच्या व्याकरणाचं हे ओझं कशाला? समोरच्याला कळलं म्हणजे झालं.”

पटलेलं आधी सांगते. मागच्या लेखात मी ४० क्रियापदांची यादी दिली होती, कुणापुढे ‘टु’ आणि कुणापुढे ‘आयएनजी’. ती यादी चुकलीच. ती घोकून परीक्षेत गाळलेल्या जागा भरता येतात, तोंड उघडलं की यादी गायब.

‘कळलं म्हणजे झालं’ हे नवशिक्याला मीही सांगते. पण हा ब्लॉग वाचणारी पोरं नवशिकी नाहीत. पुण्यात नोकरी करतात, फोनवर इंग्रजीत भांडतातसुद्धा. त्यांचं सगळ्यांना कळतं, म्हणूनच कुणी दुरुस्त करत नाही, आणि तीच चूक दहा वर्षं मुक्काम ठोकून बसते.

आता पाठांतराचं. ‘ही स्टॉप्ड टु टॉक’ आणि ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ यातला फरक क्लासमध्ये नियम सांगून शिकवतात आणि पोरं गोंधळतात. मी मराठीत विचारते : तो बोलायला थांबला, की बोलायचा थांबला? नांदेडच्या माझ्या वर्गात आजवर एकही जण यात अडखळला नाही. पहिल्यात बोलणं पुढे आहे, दुसऱ्यात ते संपलंय. तसंच ‘फरगॉट टु लॉक’ म्हणजे कुलूप लावायला विसरले, आणि ‘रिमेंबर लॉकिंग’ म्हणजे लावल्याचं आठवतं. हा पॅटर्न साहेबाने आपल्यावर लादलेला नाही, आपल्या घरातच पडून आहे.

जोडीच्या शब्दांचंही तेच. भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते, पोराला नोकरी लागते, नशीब असेल तर बोरला पाणी लागतं. यातलं एक तरी आपण कधी पाठ केलं का? इंग्रजीतही पाऊस ‘हेवी’ आणि चहा ‘स्ट्राँग’ हे असंच जोडीने कानात बसायला हवं. ‘रेन’ एकीकडे आणि ‘हेवी’ दुसरीकडे शिकलं की मग पोरं ‘बिग रेन’ म्हणतात.

खरी मेहनत लागते ती मराठी चकवा देते तिथे. ‘त्यांनी मला अर्ज करायला सुचवलं’ हे आपल्याकडे चोख वाक्य. त्याचं ‘दे सजेस्टेड मी टु अप्लाय’ केलं की फसलो. ‘सजेस्ट’ला ‘मी टु’ चालत नाही. ‘दे सजेस्टेड दॅट आय अप्लाय’ म्हणावं लागतं. ‘ॲडव्हाइज’ला मात्र खुशाल चालतं. चर्चा आपण कशावर तरी करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ तोंडात येतं. मी सांगते, ‘डिस्कस’ म्हणजे चर्चा करणे नव्हे, चर्चिणे. प्रश्न चर्चिला, संपलं. मध्ये ‘अबाउट’ला जागाच नाही. (‘टेक अ डिसिजन’ला लाल रेघ मारणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. ‘मेक’ जास्त रुळलेलं आहे, पण ‘टेक’ खुद्द इंग्लंडमध्येही चालतं.)

आणि कळतंच असंही नाही, गुरुजी. माझी एक विद्यार्थिनी ऑनलाइन मुलाखतीत ‘आय हॅव गिव्हन मेनी एक्झाम्स’ म्हणाली. पलीकडच्या इंग्रज बाईंनी कौतुकाने विचारलं, कोणता विषय शिकवायचीस? तिकडे परीक्षा ‘गिव्ह’ करतो तो मास्तर, पोरं ती ‘टेक’ करतात नाहीतर ‘सिट’. पुढची पाच मिनिटं त्या गैरसमजातच गेली.

साहेबाच्या व्याकरणाबद्दल एवढंच, की क्रियापदांचे हे नमुने साहेबासाठी बनलेच नव्हते. ए. एस. हॉर्नबी १९२४ पासून जपानात इंग्रजी शिकवत होते. तिथल्या पोरांना शब्दाचा अर्थ कळायचा, पण पुढे काय जोडायचं ते कळायचं नाही. म्हणून त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलेल्या, १९४२ मध्ये टोकियोत छापलेल्या कोशात हे नमुने घातले. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीच.

ती यादी आज काढून टाकते. त्याऐवजी एकेक क्रियापद घेऊन चार-चार बोलकी वाक्यं देईन.

शेवटी तुमच्या नातीचं. पॅटर्न नको म्हणता म्हणता तुम्ही हळूच विचारलंत, की ‘लुक फॉरवर्ड टु मीट यू’ बाईंनी का कापलं? बाई बरोबर आहेत. हा ‘टु’ क्रियापदाचा नाही, नामाला धरून येणारा आहे. तिला म्हणावं, ‘टु’पुढे ‘दिवाळी’ ठेवून बघ. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु दिवाळी’ बसतं ना? मग तिथे ‘मीट’ नाही, ‘मीटिंग’.