मरळ संपवायचीय? मग पोरांपासून सुरुवात करा

पाऊस लागला ना, ओढे, पाझर तलाव भरायला लागले ना, मग घरात काय बसलाय, मरळ संपवायचा हाच सीझन आहे. एरवी ही लय चिवट. तळं आटलं तरी चिखलात घुसून पावसाची वाट बघत पडते, घाण पाण्यात बाकीचे मासे उलटे पडतात तेव्हा ही वर येऊन तोंडानं हवा घेऊन जाते, बाजारात टपातल्या वीतभर पाण्यातसुद्धा दिवसभर वळवळत असते. वर येऊ दिलं नाही तर मात्र पाण्यातच गुदमरते, मासा असून बुडून मरते, आता बोला!

पण जाळंबिळं म्हणजे कष्ट. त्यापेक्षा पाणगवताच्या कडेला निवांत उभं राहा. एखाद्या जागी घमेल्याएवढं पाणी उकळल्यासारखं बुडबुडताना दिसेल, नीट बघितलं की तांबूस-केशरी पिल्लांचा गोळा, सगळी एकदम वर येतात, हवा घेतात, परत खाली. त्यांच्या बुडाशीच आईबाप राखणीला असतात. हो, बापपण. (आपल्यातले कितीजण पेरेंट्स मीटिंगला जातात तो विषय वेगळा.) तर गळाला बेडकी लावायची आणि बरोब्बर गोळ्याच्या मधोमध सोडायची. भूक नसली तरी येणार, तिला वाटतं पोरांवर कोणीतरी आलं. पोरांचं काय म्हणता? बगळे आहेत की.

कायद्याचं टेन्शन घेऊ नका. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणं १८९७ पासून गुन्हा आहे म्हणे, पण मूळ कायद्यात शिक्षा काय, तर जास्तीत जास्त २ महिने नाहीतर २०० रुपये दंड. २०० रुपयात आज मरळीचं कालवण तरी होतं का घरी?

आणि कोणी पर्यावरणवाला आडवा आलाच तर त्याला ऐकवा, आययूसीएन या निसर्ग राखणाऱ्या जागतिक संघटनेच्या यादीत मरळ 'लीस्ट कन्सर्न' म्हणजे सगळ्यात कमी काळजीच्या गटात आहे, पाकिस्तानापासून इंडोनेशियापर्यंत पसरलीय. इंडोनेशियात आहे म्हटल्यावर आपल्या गावच्या तळ्यात पण कशाला पाहिजे? तळं मोकळं झालं की तो परदेशी मासा, तिलापिया, सोडा, विषय संपला.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं एकानं अशीच गोळ्यावरची जोडी काढली, आधी एक, तासाभरानं दुसरी, फोटोला बऱ्याच जणांनी अंगठे दिले, मीपण दिला. पिल्लं संध्याकाळपर्यंत तिथंच गोल गोल फिरत होती. दुसऱ्या दिवशी गोळा निम्मा. तिसऱ्या दिवशी तिथं बगळापण नव्हता.