टॅकोग्राफबद्दल फिरणारा तो मेसेज आणि प्रत्यक्ष नियम

युरोपात ट्रक चालवायला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या गटांत एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. थोडक्यात तो असा : "तिकडच्या ट्रकमध्ये डिजिटल टॅकोग्राफ नावाची पेटी असते. तुम्ही कुठे आहात ते ती मालकाला आणि पोलिसांना क्षणोक्षणी कळवते. स्पीड वाढला की दंड आपोआप लागतो. जाममध्ये गाडी पाच सेकंद सरकली तरी अख्खं मिनिट धरते. साडेचार तास झाले की इंजिन बंद. आणि एवढं करून चुंबक लावलं की पेटी आंधळी. त्यापेक्षा जुन्या टॅकोग्राफची कागदी चकती बरी होती." शेवटी अर्थातच 'सर्वांना पाठवा'.

यातलं एक वाक्य एके काळी खरं होतं, एक-दोन अर्धवट खरी आहेत, बाकी सगळं ऐकीव. आधी ड्रायव्हरच्या चालवण्या-थांबण्याची नोंद ठेवणारी ही पेटी काय करते ते पाहू. युरोपीय संघात १ मे २००६ पासून साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू गाड्यांना आणि चालक धरून नऊपेक्षा जास्त आसनांच्या प्रवासी गाड्यांना, काही अपवाद सोडले तर, डिजिटल टॅकोग्राफ सक्तीचा झाला. गिअरबॉक्सवरचा सेन्सर चाकांची हालचाल कळवतो. ड्रायव्हर आपलं कार्ड पेटीत घालतो आणि त्याचा दिवस चार खात्यांत नोंदला जातो : चालवणं, इतर काम, हजर पण रिकामा, आणि विश्रांती. मर्यादाही ठरलेल्या आहेत. दिवसाला ९ तास चालवायचं, आठवड्यातून दोनदा १० तास चालतात. आठवड्याला ५६ तास, लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांची सुट्टी.

"क्षणोक्षणी ठावठिकाणा" हे पहिलंच वाक्य घ्या. २००६ च्या पेट्यांना उपग्रहाशी काही देणंघेणंच नव्हतं. उपग्रहाची जोड आली ती १५ जून २०१९ पासून नव्या गाड्यांत बसू लागलेल्या 'स्मार्ट' पिढीत. तीही जागा टिपते ती कामाचा दिवस सुरू होताना, संपताना आणि एकूण चालवण्याचे दर तीन तास भरले की. ऑगस्ट २०२३ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत देशाची हद्द ओलांडल्याची आणि माल चढवण्या-उतरवण्याची जागाही नोंदली जाते. मालकाच्या स्क्रीनवर गाडी सरकताना दिसते ती सहसा कंपनीने वेगळ्या बसवलेल्या ट्रॅकरमुळे. त्यावर आक्षेप असेल तर जरूर घ्या, पण तो टॅकोग्राफच्या माथी मारू नका.

पोलिसांचं म्हणाल तर स्मार्ट पेटीतून रस्त्याकडेच्या पथकाला चालत्या गाडीतून काही माहिती मिळू शकते, हे खरं. पण ती ठरावीक आहे : सेन्सरमधला बिघाड, वीज तोडल्याची नोंद, कार्डाशिवाय चालवणं, कॅलिब्रेशनच्या (पेटीचं मोजमाप जुळवून घेतल्याच्या) तारखा, नव्या आवृत्तीत चालवण्याची मर्यादा ओलांडल्याची खूण, असं. ती कशासाठी, तर कोणती गाडी बाजूला घ्यायची ते ठरवायला. गडबडीचा संशय नसेल तर ती तीन तासांत पुसावी लागते, आणि अशा दूरस्थ तपासणीतून आपोआप दंड होता कामा नये, असं २०१४ च्या नियमातच लिहिलं आहे.

स्पीडचा दंड तर त्याहून गमतीचा. एखाद्या रस्त्यावर वेगमर्यादा किती आहे हे पेटीला ठाऊकच नसतं. साडेतीन टनांवरच्या ट्रकना ताशी ९० किलोमीटरवर वेग रोखणारा लिमिटर असतो, आणि मिनिटभराहून जास्त वेळ गाडीचा वेग त्या आकड्याच्या वर राहिला तर 'अतिवेग' अशी नोंद होते. ५० च्या रस्त्यावर ८० ने गेलात तर ती खूण उमटत नाही. तपशीलवार वेग साठतो तो शेवटच्या २४ तासांच्या चालवण्यापुरता, आणि त्याचा खरा उपयोग अपघातानंतरच्या चौकशीत होतो.

पाच सेकंदांचं वाक्य खोटं म्हणता येणार नाही, ते शिळं आहे. सुरुवातीच्या डिजिटल पेट्या एका मिनिटात जराशी हालचाल झाली तरी ते अख्खं मिनिट 'चालवणं' धरत. रांगेत इंचाइंचाने सरकणाऱ्यांचा संताप अगदी रास्त होता. १ ऑक्टोबर २०११ पासूनच्या नव्या पेट्यांत नियम बदलला : त्या मिनिटात जे काम सलग जास्त वेळ चाललं, ते मिनिट त्याच्या खाती. फक्त मागचं आणि पुढचं मिनिट चालवण्याचं असेल तर मधलंही चालवण्यातच जातं.

इंजिन बंद पडण्याची गोष्ट कुठून आली कोण जाणे. पेटी साडेचार तास भरायच्या १५ मिनिटं आधी सूचना देते, भरल्यावर पुन्हा देते, बस्स. सुरक्षित थांबा मिळत नसेल तर तिथे पोहोचण्यापुरती मर्यादा ओलांडायची मुभाही २००६ च्या नियमात आहे. फक्त पोहोचल्यावर प्रिंटआउट काढून त्यावर कारण हाताने लिहायचं. या मेसेजमागची खरी कळ वेगळी आहे : संध्याकाळी हमरस्त्यांवरचे ट्रकतळ भरून जातात, आणि उरलेली मिनिटं जागा शोधण्यातच संपतात. ती अडचण खरी आहे, पण ती पार्किंगची आहे. घड्याळ काढून टाकलं म्हणून जागा वाढणार नाहीत.

आता चुंबक. ही युक्ती चालायची, यात शंका नाही. सेन्सरवर जोरदार चुंबक ठेवलं की ट्रक धावत असताना पेटी 'विश्रांती' लिहायची. म्हणूनच २००९ च्या दुरुस्तीने हालचालीचा दुसरा, स्वतंत्र पुरावा मागितला आणि २०१२ पासूनच्या नव्या पेट्यांत तो आला. स्मार्ट पेटी तर सेन्सरचं म्हणणं उपग्रहाच्या माहितीशी ताडून पाहते, आणि दोन्ही जुळलं नाही तर तीच गोष्ट नोंदीत पडते. म्हणजे चुंबक लावणारा आपल्याच हाताने पुरावा तयार करतो. दर दोन वर्षांनी वर्कशॉपमध्ये सील तपासली जातात, ते वेगळंच. तरी फसवणूक संपली असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याचं कार्ड घालून चालवण्याचा जुना उद्योग अजून आहे, कारण पेटीला चेहरा दिसत नाही.

या पेटीची खरी कमजोरी मात्र मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातही आलेली नाही. ती चाकं मोजते, अंग मोजत नाही. गाडी थांबली की खातं आपोआप 'इतर काम' होतं. ते 'विश्रांती' करायचं बटण ड्रायव्हरच्या हातात असतं. गोदामात दोन तास पॅलेट ओढत असताना कुणी विश्रांतीचं खाटेचं चिन्ह दाबलं, तर पेटी ते निमूट मान्य करते. मग ४५ मिनिटांची सुट्टी कागदावर पूर्ण होते आणि माणूस घामाघूम होऊन पुन्हा स्टेअरिंगवर बसतो. हे बटण पुष्कळदा ड्रायव्हर आपणहून दाबत नाही. फोनवरून गाड्या हलवणारा सांगतो, 'तेवढं विश्रांतीवर टाक, नाहीतर उद्याचा माल चुकेल.' टॅकोग्राफवर टीकाच करायची तर इथे करा.

आणि म्हणूनच कागदी चकतीची आठवण काढून उसासे टाकणं मला पटत नाही. मेणाचा थर असलेली, सुईने नोंद उमटणारी ती चकती २४ तासांची. घड्याळ मागे-पुढे करणं, सुई वाकवणं, दुसऱ्याच नावाची चकती घालणं, हे सगळं चालायचं. मालकाने 'चकती बदल' म्हटलं की ड्रायव्हरला नाही म्हणायला आधार नसायचा. आज कार्डावर चालवलेले तास उमटतात, रस्त्यावर चालू दिवस आणि मागचे ५६ दिवस तपासता येतात (२०२४ च्या अखेरीपर्यंत ते २८ होते), आणि ड्रायव्हरच्या उल्लंघनाला वाहतूक कंपनीही जबाबदार धरली जाते. रस्ता-सुरक्षेला धोका होईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालाच्या प्रमाणावर पैसे देणंही २००६ च्या त्याच नियमाने बंद आहे. 'आणखी एक फेरी मार' असं सांगणाऱ्याला नोंद जास्त बोचते.

'केबिनमधला हेर' ही ओरडही डिजिटलसोबत आलेली नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात ती कागदी चकतीच्या यंत्राविरुद्धच झाली होती. कामगार संघटनांचा विरोध होता, सरकारने सक्ती टाळली, आणि शेवटी १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला. ज्या चकतीला आज 'बरी होती' म्हणतात, तिलाच तेव्हा हेर म्हणत.

जाणाऱ्यांनी एक तारीख मात्र लक्षात ठेवावी : देशाबाहेर माल नेणाऱ्या अडीच ते साडेतीन टनांच्या व्हॅननाही हा नियम लागू होण्याची तारीख १ जुलै २०२६ आहे. व्हॅनला टॅकोग्राफ लागतच नाही, असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला ही तारीख दाखवा.