पारस पिंपळाच्या कुंडीत मीठ? थांबवा हे आधी

"समुद्रकाठचं झाड घरात लावताय? हे 5 नियम पाळाच" असा एक मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरायलाय. मी आधी लक्ष दिलं नाही, असले रोज येतात, पण परवा परभणीच्या मामींनी त्यांच्या पारस पिंपळाच्या बोन्सायचा फोटो टाकला अन् खाली विचारलं, "मीठ चालू केलंय बाई, पण पानं कडेकडेनं जळायलीत, मीठ कमी पडतंय का?" कमी पडतंय का!! आता लिहिणं भाग आहे.

ज्यांच्यापर्यंत तो मेसेज आला नाही (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: एक, झाड किनाऱ्यावरचं आहे म्हणून दर शनिवारी लिटरभर पाण्यात चमचाभर खडेमीठ घालून द्या. दोन, सकाळी पिवळं असलेलं फूल संध्याकाळी लाल होतं, ते घराला लागलेली नजर ओढून घेतं म्हणून, तेव्हा दाराशी ठेवा. तीन, उन्हाळ्यात एसीच्या खोलीत हलवा. चार, पिंपळच असल्यामुळं चोवीस तास ऑक्सिजन. पाच, "अस्सल बोन्साय बियाणं" आमच्याकडूनच घ्या, खाली लिंक. लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, फक्त "तज्ज्ञ सांगतात".

मीठ आधी घेते, कारण बाकीच्यानं फार तर हसू होईल, ह्यानं झाड मरतं.

नाइलाजानं एक गोष्ट मान्य करते, पारस पिंपळ खारं सोसतो. कोकणात खाडीच्या कडेला, पुळणीच्या (किनाऱ्यावरच्या वाळूच्या) वरच्या अंगाला तो उभा असतो, त्याच्या बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत जाऊन दुसऱ्या किनाऱ्याला रुजतात, आणि आपल्या मराठवाड्यातल्या बोअरच्या खारट पाण्यावर जिथं गुलाब मान टाकतो तिथं हा तग धरून राहतो. पण सोसतो म्हणजे त्याला ते लागतंच, हे कुणी सांगितलं? दुष्काळ आपणही सोसतोच की, म्हणून दर शनिवारी टँकर बंद ठेवा असं कुणी म्हणतं का?

किनाऱ्यावरचं झाड समुद्र पीत नाही हो. ते भरतीच्या रेषेच्या वर असतं, तिथं वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं अन् मुळं ते उचलतात. वाऱ्यासोबत उडून आलेलं मीठ पावसाळ्यात धुऊन निघतं, कारण कोकणातला पाऊस 3000 मिलिमीटरच्या घरातला. आपल्याकडं बरसून बरसून 700, तोही आला तर, आणि कुंडी बाल्कनीत असेल तर तेवढासुद्धा तिच्या नशिबात नाही. म्हणजे कुंडीतलं पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं, पुढच्या शनिवारी आणखी एक चमचा. बोन्सायच्या ट्रेत माती असते चार बोटं, ते मीठ जाणार कुठं?

आता ज्यांना आकडे लागतात त्यांच्यासाठी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा, म्हणजे एफएओचा, ओलिताच्या पाण्यावरचा 29 नंबरचा पेपर आहे, आयर्स आणि वेस्टकॉट ह्या दोघांचा, 1985 ची आवृत्ती, फुकट वाचायला मिळतो. त्यात सांगितलंय की लिटरमागे 450 मिलिग्रॅमच्या खाली क्षार असतील तर अडचण नाही, 450 ते 2000 असतील तर जपून, आणि 2000 च्या वर गेलं की वापरावर कडक बंधनं. चमचाभर खडेमीठ पाच ग्रॅम धरा, म्हणजे लिटरमागे 5000 मिलिग्रॅम, कडक बंधनाच्या रेषेच्या अडीच पट, अन् ह्यात बोअरच्या पाण्यातले मूळचे क्षार धरलेलेच नाहीत. कुणी म्हणेल तो पेपर पिकांसाठी आहे, बोन्सायसाठी नाही. बरोबर आहे. पण शेतात क्षार खाली उतरायला खोल जमीन असते, ट्रेत ती नसते, तेव्हा आपला हिशोब अजूनच वाईट. "समुद्रात तर लिटरला 35 ग्रॅम असतं" हे पण आमच्या ग्रुपवर एकानं ऐकवलंच, त्यानं वरचा परिच्छेद परत वाचावा.

आणि मिठातला सोडियम काळ्या मातीचं काय करतो ते चोपण जमीन (सोडियम साठून बिघडलेली) कसणाऱ्याला विचारा. मातीचे कण सुटे होऊन बसतात, ओली असली की राड, वाळली की दगड, पाणी खाली उतरत नाही, मुळं गुदमरतात. मामींच्या ट्रेत नेमकी शेतातलीच काळी माती आहे (बोन्सायला मुळात ती नकोच, चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू अन् थोडं कुजलेलं शेणखत पुरतं). फोटो मोठा करून बघितला तर ट्रेच्या काठावर पांढरी पापडी धरलीय आणि जुन्या पानांचं टोक अन् कडा तपकिरी, कुरकुरीत, मधला भाग मात्र अजून हिरवा. ही मिठाची नेहमीची खूण.

ज्यांनी मीठ घातलंय त्यांनी एवढं करा: पापडी खरवडून टाका, ट्रे तिरपा ठेवा, खालची भोकं मोकळी आहेत का बघा, अन् साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं गोडं पाणी सावकाश, ट्रेच्या मापाच्या तीन-चार पट तरी, वरून सोडून खालून वाहू द्या. काही दिवसांनी परत एकदा. नवीन पालवी येईपर्यंत खत देऊ नका. आणि आरओ मशीनचं बाहेर पडणारं पाणी "वाया कामून घालवायचं" म्हणून कुंडीत ओतायची जी सवय आहे ती पण सोडा, त्यात गाळून उरलेले सगळे क्षार असतात.

आता नजर. हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर समजू शकले असते, पण मराठवाड्यातल्या माणसांनी हे पुढं ढकलावं? अहो, कापूस कुणी पाहिला नाही का? कापसाचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन कोमेजतं. पारस पिंपळ कापसाच्याच कुळातला, अगदी जवळचा भाऊबंद, आणि त्याचं फूल पण तसंच वागतं: सकाळी लिंबासारखं पिवळं, आत बुडाशी गडद लालसर डाग, संध्याकाळपर्यंत तांबूस. फूल म्हातारं होताना त्यात लाल रंगद्रव्य तयार होतं, संपला विषय. नजरेनं फूल लाल व्हायचं असतं तर आपल्या सगळ्या शिवारावर रोज कुणाची नजर पडते म्हणायचं?

एसीचं तर उलटंच आहे. एसीत हवा कोरडी होते, किनाऱ्यावर ती दमट असते, आणि ह्या झाडाला ऊन पाहिजे, भरपूर. फक्त मे महिन्यात पारा 42-43 ला गेला की पातळ ट्रे तापून मुळं भाजतात, तेव्हा दुपारपुरती हिरवी नेट धरा आणि पाणी दोन वेळा.

ऑक्सिजनचं: पान पिंपळासारखं दिसतं एवढंच, हा पिंपळ नाही. आणि रात्री अंधारात कुठलंही हिरवं पान ऑक्सिजन बनवत नाही, ट्रेभर झाड दिवसा बनवेल तेही किती असणार.

राहिलं बियाणं. बोन्साय ही जात नसते, "अस्सल बोन्साय बी" असलं काही जगात नाही. साधं बी लावलं तर साधंच झाड येतं, छाटून, मुळं आवरून, तार बांधून आपण त्याला लहान ठेवतो. पान छाटणीनं बारीक होतं, फूल मात्र मोठ्या झाडाच्या मापाचंच येतं, म्हणून वीतभर झाडावर ते एकच फूल एवढं उठून दिसतं. आणि पारस पिंपळाला बियांची वाट बघायची गरजच नाही, जाड फांदी पावसाळ्यात रोवली की फुटते, बोन्सायला उलट तेच बरं, पहिल्या दिवसापासून खोड जाड मिळतं. कुणाच्या अंगणात किंवा रस्त्याकडेला झाड असेल तर विचारून अंगठ्याएवढी फांदी घ्या.

मेसेजमध्ये जे असायला पाहिजे होतं अन् नाही, ते जाता जाता सांगते. ह्या झाडाच्या बोंडांवर कापसावरचे लाल ढेकूण येतात, गुलाबी बोंडअळी पण ह्याच्यावर राहू शकते. घराला लागून कापूस असेल तर फूल बघून घ्या आणि बोंड धरलं की खुडून टाका.